मिलानच्या बाजारात आपली कोल्हापुरी

आज आपण बाजाराला जाऊ, पण बार्शीच्या नाही, इटलीतल्या मिलान शहराच्या. कपडे, चपला, पर्स, घरातलं सामान यांची फॅशन ठरवणाऱ्या शहरांपैकी हे एक. तिथल्या मोठ्या चर्चशेजारी काचेच्या छताची जुनी बाजारपेठ आहे. 1913 साली मारिओ प्राडा यांनी तिथं चामड्याच्या वस्तूंचं दुकान काढलं. आज लोक प्राडा या नावासाठीच जास्त पैसे मोजतात.

जून 2025 मध्ये प्राडाने मिलानला पुरुषांच्या कपड्यांचा शो केला. त्यात पायात दिसली आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल! पण नाव दिलं होतं नुसतं चामड्याची सँडल. इकडून ओरड झाली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिलं. मग कंपनीने मान्य केलं की ही प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे. डिसेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. इथेच 2,000 जोड बनवायचे आणि एक जोड सुमारे 800 युरोला, म्हणजे 80 हजार रुपयांच्या वर विकायचा, असं ठरलं.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कायदा नव्हता का? होता. कोल्हापुरीला 2019 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. हे मानांकन आठ जिल्ह्यांचं आहे: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा आणि आपलं सोलापूर, शिवाय कर्नाटकातले चार. या भागाबाहेर बनवलेल्या चपलेला कोल्हापुरी म्हणून विकता येत नाही. पण हे मानांकन भारतापुरतं आहे, आणि ते नाव राखतं. प्राडाने तर नावच घेतलं नव्हतं.

यात आपल्या बायकांचं काय? कोल्हापुरीची नाजूक वेणी विणायचं, शिवणीचं काम बऱ्याच घरांत बायकाच करतात. चप्पल विकली जाते, पण विणणारीचं नाव कुठंच नसतं. वस्तूचं नाव झालं, तरी करणारीचा भाव आपोआप वाढत नाही. त्यासाठी तिची नोंद लागते.

म्हणून दोन कामं करा. जीआय असलेली वस्तू तुम्ही बनवत असाल, तर 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःच्या नावाने नोंदणी करा. फक्त घरधन्याच्या नावावर थांबू नका. 2020 पासून अर्जाची फी अवघी 10 रुपये आहे.

दुसरं काम गटाचं. शेंगाचटणी असो की गोधडी, माल बिननावाच्या पिशवीत व्यापाऱ्याला देऊ नका. गाव, गट आणि फोन नंबर छापलेली चिठ्ठी लावा. नाही तर पुढच्या दुकानात त्यावर दुसऱ्याचं नाव लागतं आणि भावही त्याचाच चालतो.

आणि खरेदीला गेलात की विचारा, ही सोलापुरी चादर विणली कुठं? सोलापुरीच्या नावाखाली बाहेरचा मालही खपवला जातो. आपण विचारलं, तरच विणकराचं नाव टिकेल.

येत्या मासिक बैठकीत गटाच्या एका वस्तूची चिठ्ठी ठरवाच.