भिंत कोणाची, चित्र कोणाचे?

भित्तिचित्र हा शब्द उच्चारला की आपल्या शहरातील माणसाला प्रथम अजिंठा आठवतो, आणि ते स्वाभाविकच आहे. शंभर किलोमीटरांवर पद्मपाणी उभा असताना आणखी कोणती भिंत आठवावी? परंतु त्यामुळे एक समजूतही आपल्या मनात घर करून बसली आहे. भित्तिचित्र म्हणजे काहीतरी प्राचीन, अंधाऱ्या लेण्यात जपलेले, तिकीट काढून पाहायचे! गेल्या काही दशकांत जगातील मोठमोठ्या शहरांनी ही समजूत खोटी ठरविली आहे. तेथे भित्तिचित्र रस्त्यावर आले, ऊनपावसात उभे राहिले आणि भाजीची पिशवी घेऊन जाणाऱ्या माणसालाही फुकट दिसू लागले.

या रस्त्यावरच्या चित्रकारांत ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्रा याचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्याचे काम पाहण्यासाठी परदेशी जाण्याची गरज पडली नाही. मुंबईच्या चर्चगेट स्थानकाच्या इमारतीवर त्याने महात्मा गांधींचे प्रचंड चित्र रंगविले. लोकलमधून उतरून कचेरी गाठणाऱ्या लाखो माणसांपैकी किती जणांना चित्रकाराचे नाव ठाऊक असेल? पण गांधीजींना मात्र सर्वांनी ओळखले. रस्त्यावरच्या चित्राचे हे पहिले लक्षण : चित्रकार मागे राहतो, चित्र पुढे येते.

कोब्राचा जन्म 1975 मध्ये साओ पाउलो या महानगराच्या एका गरीब उपनगरात झाला. कोवळ्या वयात तो परवानगीवाचून भिंती रंगवीत असे. पुढे त्याने जुन्या साओ पाउलोची छायाचित्रे हाती घेतली आणि पाडून टाकलेले रस्ते, ट्रामगाड्या आणि हॅट घातलेली माणसे आजच्या भिंतींवर पुन्हा उभी केली. शहराला त्याचीच विसरलेली आठवण परत देण्याचा हा प्रयत्न होता.

त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. बहुधा एखाद्या छायाचित्रावरून तो चेहऱ्याची छायाप्रकाशयुक्त मांडणी करतो आणि तीवर त्रिकोण, चौकोन, पट्टे अशा आकृत्यांचे भडक रंग पसरतो. जवळ उभे राहिल्यास केवळ रंगांचे तुकडे दिसतात. रस्ता ओलांडून मागे वळून पाहावे तर त्यांतूनच माणूस आपल्याकडे पाहत असतो. एवढे मोठे चित्र भिंतीवर चढवायचे तर प्रमाण सांभाळावे लागते. आपल्याकडील सिनेमाचे फलक रंगविणारे पेंटर लहान चित्रावर चौकटी आखून तीच चौकट मोठ्या फलकावर वाढवीत, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मकबूल फिदा हुसेन यांनीही उमेदीच्या काळात मुंबईत असे फलक रंगविले होते. साधने बदलली, कुंचल्याच्या जोडीला रंगाचा फवारा आला, परातीच्या जागी यांत्रिक पाळणा आला. मूळ गणित तेच राहिले.

2016 च्या ऑलिंपिकच्या वेळी रिओ शहराच्या बंदर भागात, एका जुन्या गोदामाच्या भिंतीवर कोब्राने पाच खंडांतील पाच आदिवासी जमातींचे चेहरे रंगविले. अडीच हजार चौरस मीटरांहून अधिक क्षेत्रफळाच्या या चित्राची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. ॲमस्टरडॅममध्ये त्याने ॲन फ्रँकचा चेहरा रंगविला. 2017 मध्ये स्वतःचाच विक्रम त्याने मोडला, तो मात्र साओ पाउलोजवळील एका चॉकलेट कारखान्याच्या भिंतीवर! येथे विचार करणारा वाचक थबकतो. हे चित्र लोकांचे की मालाच्या जाहिरातीचे?

हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण रस्त्यावरच्या चित्राचे आयुष्य भिंतीच्या धन्याच्या हाती असते. न्यूयॉर्कमध्ये कोब्राने 2012 मध्ये, महायुद्ध संपल्याच्या आनंदात चुंबन घेणाऱ्या खलाशाचे आणि तरुणीचे प्रसिद्ध छायाचित्र भिंतीवर उतरविले. लोक ते पाहण्यासाठी मुद्दाम येत. तरी काही वर्षांतच ते दुसऱ्या रंगाखाली नाहीसे झाले. साओ पाउलोचा अनुभव तर अधिक बोलका आहे. 2007 पासून त्या शहराने रस्त्यावरचे जाहिरात फलक उतरविले आणि भिंती मोकळ्या झाल्या. 2015 मध्ये तेथील एका हमरस्त्यावर पालिकेच्याच संमतीने मैलभर चित्रे रंगविली गेली. 2017 मध्ये नवे महापौर आले आणि स्वच्छतेच्या नावाखाली त्यांतील बहुतेक चित्रांवर करडा रंग फासला गेला. नागरिक चिडले, प्रकरण न्यायालयात गेले. भिंत पालिकेची खरी. पण रोज त्या चित्राजवळून जाणाऱ्याचा त्यावर काहीच हक्क नाही का?

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. 1995 च्या कायद्याने महाराष्ट्रात परवानगीवाचून भिंती विद्रूप करणे हा गुन्हा ठरतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच शहरात पत्रके डकवलेली, पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेली भिंत आपण मुकाट्याने सोसतो. 2023 च्या फेब्रुवारीत जी-20 च्या महिला परिषदेसाठी परदेशी पाहुणे आपल्या शहरात आले. त्यानिमित्त भिंतींवर रंग चढला. पाहुणे परतल्यावर त्या चित्रांकडे कोण पाहणार, हा खरा प्रश्न आहे.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेख वाकाटकांचा मंत्री वराहदेव याच्या दानाची साक्ष देतो. म्हणजे त्या भिंतीलाही धनी होता. तो गेला, राज्य गेले, रान माजले. चित्रे मात्र उरली. आणि पुढे माणसांची वर्दळ सुरू झाल्यावर त्याच चित्रांवर काहींनी आपली नावे कोरून ठेवली! भिंतीचा शत्रू काळ आहेच, पण काळाहून बेपर्वा पाहणारा अधिक घातक असतो.

कोब्राचा चर्चगेटचा गांधी असो वा आपल्या महाविद्यालयाच्या कुंपणावर उद्या कोणी काढलेले साधे चित्र असो, त्याला ना काच असते, ना पहारेकरी. चित्रकार ते रंगवून निघून जातो. त्यानंतर ते चित्र ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे, त्यांच्याच भरवशावर उभे असते. तेव्हा भिंत कोणाचीही असो, चित्र आपले आहे, एवढे जरी आपण मानले तरी पिचकारी मारणारा हात क्षणभर थांबेल.