मैत्रीचे सुतक
(‘आनोहाना’ या जपानी चित्रमालिकेविषयी)

पडद्यावर हलणाऱ्या रेखाचित्रांना जपानी भाषेत ‘अ‍ॅनिमे’ म्हणतात. इंग्रजीतील ‘अ‍ॅनिमेशन’ या शब्दाचेच ते आखूड केलेले रूप. आपल्याकडे असे काही दिसले की ‘कार्टून’ म्हणून ते लहान मुलांच्या पदरात टाकण्याची रीत आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच; तेव्हा वसतिगृहात बसून मी मोबाईलवर चित्रे पाहते आणि डोळे पुसते हे वडिलांना कळले, तर ‘अगं, एवढ्यासाठी तुला कॉलेजात घातली का?’ असे ते विचारणारच. त्यांना द्यावयाचे उत्तर म्हणून हा लेख आहे, असे समजले तरी माझी हरकत नाही.

जिच्याविषयी लिहायचे त्या मालिकेचे नाव चांगलेच लांबलचक आहे. त्याचा अर्थ साधारण असा : ‘त्या दिवशी पाहिलेल्या फुलाचे नाव आम्हाला अजून ठाऊक नाही’. एवढे नाव कोण घेणार, म्हणून जपानी लोकही तिला नुसते ‘आनोहाना’ म्हणतात. एप्रिल ते जून २०११ या काळात ती जपानी दूरदर्शनवर दाखविली गेली. एकूण भाग अवघे ११. दिग्दर्शक तात्सुयुकी नागाई, लेखिका मारी ओकादा आणि पात्रांची रेखाटने मासायोशी तानाका यांची. पुढे २०१३ मध्ये याच कथेवर चित्रपट निघाला.

कथा सहा मुलांची आहे. डोंगरातील एका पडक्या खोपटाला ‘गुप्त तळ’ मानून ही सहा जणे सुटीभर तेथे खेळत. एके दिवशी त्यांतली मेन्मा नावाची मुलगी नदीत पडून मरण पावते आणि बाकीचे पाच जण एकमेकांपासून दूर होतात. काही वर्षांनी, उन्हाळ्याच्या एका दिवशी, मेन्मा परत येते. ती आता वाढलेली आहे, पण बोलणे तेच पूर्वीचे बालिश. ती दिसते फक्त एकट्या जिंतानला, जो त्या वेळी टोळीचा म्होरक्या होता. तिची एक इच्छा राहिली आहे, ती पूर्ण करायची आहे. पण ती कोणती हे तिलाच आठवत नाही.

एवढे ऐकून ही भुताची गोष्ट वाटेल. मलाही पहिल्या भागात तसेच वाटले. पण भूत हे येथे निमित्त आहे. खरी गोष्ट मागे राहिलेल्या पाच जणांची आहे.

आधी नावांची गंमत सांगते, कारण तिच्यावाचून पुष्कळसे हुकते. जिंतान, आनारू, युकिआत्सु, त्सुरुको, पोप्पो, मेन्मा ही सगळी बालपणीची टोपणनावे. जपानात परक्या माणसाला आडनावाने हाक मारतात. कथा सुरू होते तेव्हा हेच सवंगडी एकमेकांना ‘यादोमी’, ‘आंजो’, ‘त्सुरुमी’ अशी आडनावे लावून बोलतात. आपल्याकडे कालचा गण्या समोर आला आणि आपण त्याला ‘काय गणपतराव’ म्हटले, तर त्याच्या काळजात काय होईल? भाषांतराच्या ओळींत हा फरक नीट उतरत नाही; कान देऊन ऐकावा लागतो. पुढे एखाद्याच्या तोंडून जुने टोपणनाव निसटते, तेव्हा दोघे जवळ आले हे निराळे सांगावे लागत नाही.

आता त्या दिवशी काय झाले ते पाहू. आनारूने सगळ्यांसमक्ष जिंतानला विचारले, ‘तुला मेन्मा आवडते ना?’ युकिआत्सुने तो प्रश्न लावून धरला. जिंतान लाजला, ‘असल्या कुरूप मुलीला कोण आवडून घेईल’ अशा अर्थाचे काही बोलला आणि पळत सुटला. मेन्मा रडली नाही, नुसती हसली. उद्या तिची माफी मागू असे त्याने ठरविले होते. तो ‘उद्या’ आलाच नाही.

जिंतानचे ओझे आपल्याला पहिल्या भागापासून ठाऊक असते. प्रवेशपरीक्षेत तो मागे पडला, शाळेत जाणे त्याने सोडले, घरात खेळ खेळत बसून राहतो. मात्र जसजसे भाग पुढे सरकतात तसतसे कळते की प्रत्येकजण मनाशी एकच वाक्य घोकत आला आहे : ती माझ्यामुळे गेली. आनारूला वाटते, मी तो प्रश्न विचारला नसता तर. युकिआत्सुने त्याच दिवशी मेन्माला केसांत लावायची चाप देऊ केली होती आणि तिने ती घेतली नाही; आपण तिला तेथे अडविले नसते तर, असे त्याला वाटते. हा वर्गातला हुशार, देखणा मुलगा रात्री मेन्मासारखा पांढरा झगा आणि केसांचा टोप घालून रानात फिरतो. हे दृश्य पाहून माझी खोलीतली सोबतीण फसकन् हसली. मग दोन मिनिटांनी आम्ही दोघी गप्प झालो. पोप्पो अंगाने धिप्पाड, सर्वांना हसविणारा, आणि त्या जुन्या खोपटातच राहणारा. नदीच्या प्रवाहातून मेन्मा वाहत जाताना त्याने पाहिली होती आणि त्याला काही करता आले नव्हते, हे तो अगदी शेवटच्या भागात सांगतो. इतकी वर्षे हसण्याखाली काय होते ते तेव्हा कळते. त्सुरुकोचे दुःख मला सर्वांत पातळ रंगविलेले वाटले. तिच्या वाट्याला मत्सरच अधिक आला आहे.

पाच जण, पाच गुन्हे, आणि गुन्हेगार एकही नाही! पण हे त्यांना सांगणार कोण? ते तर एकमेकांशी बोलतच नाहीत.

मालिकेचा गाभा मला येथे सापडतो. मेन्माच्या घरी तिचा फोटो आहे, त्यापुढे आई जेवण ठेवते. तिच्या आईवडिलांचे दुःख जगाला मान्य आहे, आणि ते मोठेही आहे. आठव्या भागाच्या सुमारास ती आई या मुलांवर कडाडते : तुम्ही सगळे मोठे झालात, माझीच मुलगी का मागे राहिली? तिचा प्रश्न खोटा नाही. पण तो ऐकताना त्या मुलांचे चेहरे पाहावेत. आपल्यालाही काही झाले आहे असे म्हणण्याचा हक्क त्यांना कोणी दिलेलाच नाही. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाला एक नाव दिले. मराठीत त्याला ‘मान्यता नसलेले दुःख’ म्हणता येईल. समाज काही नात्यांनाच शोक करण्याची मुभा देतो. जे त्या यादीत नाहीत त्यांचा शोक उघड होत नाही, म्हणून तो सरतही नाही.

आपल्याकडे ही यादी फार पक्की आहे. किती पिढ्यांच्या भाऊबंदांना किती दिवसांचे सुतक, हे गावातली म्हातारी माणसे बोटांवर मोजून सांगतात. मैत्रिणीला सुतक नसते. मी सातवीत असताना माझ्या बाकावरची मुलगी विहिरीत पडून गेली. तिच्या घरी दहावा झाला, तेरावा झाला, गाव जेवून गेले. आम्ही तिघी मैत्रिणी दुसऱ्या दिवशी शाळेत बसलो होतो. कोणी आम्हाला काही विचारले नाही. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. मुलांना काही विचारायचे असते हेच कोणाच्या गावी नव्हते. हजेरीत तिचा नंबर १४ आणि माझा १५. तेरा झाल्यावर बाई क्षणभर थांबत आणि मग माझे नाव घेत. वर्षअखेरपर्यंत रोज ती एवढीशी जागा मोकळी राहत असे. त्या तिघींपैकी एकीचे लग्न झाले, दुसरी मुंबईकडे गेली. त्या थांबण्याविषयी आम्ही आजवर एकमेकींशी बोललेलो नाही.

असो. मालिकेकडे वळते.

मेन्मा उन्हाळ्यातच का येते, याला जपानात अर्थ आहे. ऑगस्टच्या मध्यास तेथे ‘ओबोन’ हा पितरांचा सण असतो. आपल्या पितृपक्षाची आठवण व्हावी असा. गेलेली माणसे त्या दिवसांत घरी येतात अशी समजूत आहे. त्यांना वाट दिसावी म्हणून दारी विस्तव पेटवितात आणि निरोप देतानाही पुन्हा पेटवितात. काही ठिकाणी पाण्यावर दिवे सोडतात. शोभेच्या दारूकामाचेही तेथे मृतांशी नाते आहे. नागाओका शहरावर १ ऑगस्ट १९४५ च्या रात्री बॉम्बहल्ला झाला. त्यात गेलेल्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी ऑगस्टच्या आरंभी मोठे दारूकाम होते.

मालिकेतही दारूचा एक बाण आहे. जिंतानची आई इस्पितळात आजारी असताना या मुलांनी बेत केला होता की मोठा बाण तयार करून देवाला चिठ्ठी धाडावी आणि आईला बरे करायला सांगावे. मेन्माच्या रोजनिशीत ते सापडते. हीच तिची इच्छा असणार असे समजून पाचही जण पुन्हा एकत्र येतात. त्यासाठी पैसा लागतो, तेव्हा घरकोंबडा झालेला जिंतान दुकानात आणि बांधकामावर मजुरी करू लागतो. हा भाग मला फार आवडला. दुःखातून बाहेर येण्याची भाषणे येथे नाहीत, फावडे आहे.

हा बाण लेखिकेच्या कल्पनेतून आलेला नाही. कथा घडते ते चिचिबु हे टोकियोच्या वायव्येस सैतामा प्रांतातले डोंगराळ गाव खरे आहे. चुनखडीसाठी खणून पायऱ्या पाडलेला बुको डोंगर मालिकेतही मागे दिसतो. चिचिबुजवळच्या योशिदा भागात मुकु देवळाच्या उत्सवात, ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, गावकरी हाताने केलेले बाण आकाशात सोडतात. पोकळ लाकडात दारू ठासून त्याला लांब बांबूचे शेपूट लावलेले असते. त्याला ‘र्‍युसेइ’ म्हणतात. (इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही : याच देवळात १८८४ मध्ये रेशमाचे भाव पडून कर्जात बुडालेले शेतकरी सावकारांविरुद्ध जमले होते. आपल्याकडचा सुप्याचा उठाव १८७५ चा.) २०११ च्या उत्सवात या मालिकेच्या नावाचाही एक बाण उडाला.

मारी ओकादा याच चिचिबुच्या. लहानपणी त्या बराच काळ शाळेत जाऊ शकल्या नाहीत. २०१७ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिले. त्याच्या नावातच ‘शाळेत जाऊ न शकलेली मी’ असे शब्द आहेत. जिंतान दाराशी येऊन परत फिरतो, तेव्हा त्याच्या पायांतला जडपणा खरा का वाटतो ते यावरून उमगले.

बाण उडतो, पण मेन्मा जात नाही. त्या रात्री पाचही जण प्रथमच खरे बोलतात, आणि ते ऐकायला गोड नाही. ती जावी असे कोणाला का वाटत होते? कोणाला जिंतान हवा होता, कोणाला तो एकटाच तिला पाहतो याचा हेवा होता, कोणाला आपल्या ओझ्यातून सुटायचे होते. तिची खरी इच्छा निराळीच निघते. आईच्या आजारपणात जिंतान रडणे दाबून धरी. तो रडला पाहिजे, असे वचन मेन्माने त्याच्या आईला दिले होते. बस्स, एवढेच.

माझ्या मते शेवटच्या भागात रडणे जरा जास्त झाले आहे. सगळे एकदम आणि मोठ्याने रडतात. थोडे कमी असते तर अधिक लागले असते. मेन्माचा लाडिकपणाही मधूनमधून कंटाळा आणतो. पण रानात पहाटे लपाछपी चालते, ‘येऊ का?’ अशी हाक जाते आणि झाडांमागून ‘अजून नाही’ असे उत्तर यायचे असते, तेथे मी कोणतीही तक्रार करणार नाही.

ज्यांना पाहायची असेल त्यांच्यासाठी : भाग वीस-बावीस मिनिटांचे आहेत. मी इंग्रजी ओळींसह पाहिली. आपल्या कॉलेजातल्या इंग्रजीवर भागते. पहिले दोन भाग गोंधळाचे वाटतात, म्हणून तेथे सोडू नये. भागांच्या अखेरीचे गाणे मूळ २००१ चे असून मालिकेतल्या तिघी अभिनेत्रींनी ते पुन्हा म्हटले आहे. ते पुढे न सरकविता ऐकावे. आणि शक्य असेल तर दहावा आणि अकरावा भाग एकाच बैठकीत पाहावेत, वसतिगृहाचे दिवे मालवण्याच्या वेळेचा अंदाज घेऊन.