वाघिणीची बिल्टी

‘वॅगन’ या इंग्रजी शब्दाची ‘वाघीण’ करून टाकणाऱ्या अनाम मराठी हमालाला अथवा कारकुनाला भाषाशास्त्रज्ञ काय म्हणायचे ते म्हणोत. माझ्या बालपणी तो शब्द मला अपभ्रंश वाटला नाही, साक्षात वाघीणच वाटली. माझे मामा एका लहानशा स्थानकाच्या मालधक्क्यावर कारकून होते, आणि ‘आज आठ वाघिणी भरल्या’ असे ते जेवताना सहज बोलून गेले की त्यांच्या खाकी डगल्याकडे मी काही काळ भीतियुक्त आदराने पाहत असे. सुटीत एकदा त्यांनी मला धक्क्यावर नेले आणि वाघिणीच्या अंगावर, माझ्या डोक्याच्या बरीच वर, बसवलेली लोखंडी चाप दाखवली. तिच्यात एक मळकट पुठ्ठ्याची चिठ्ठी खोचलेली होती, व तीवर कोठून, कोठे आणि काय एवढाच मजकूर होता. ‘ही चिठ्ठी पडली की वाघीण आंधळी,’ मामा म्हणाले, ‘मग ती कोणत्या यार्डात किती दिवस उभी राहील, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही.’

पुढे पुष्कळ वर्षांनी, फोर्टच्या पदपथावर जुन्या मासिकांचा ढीग उपसताना ‘मॉडेल रेलरोडर’ या अमेरिकन मासिकाचा १९६१ सालचा डिसेंबरचा अंक हाती लागला आणि त्यात त्याच चिठ्ठीची, बोटभर लांबीच्या वाघिणींसाठी केलेली आवृत्ती दृष्टीस पडली, तेव्हापासून या विषयाने मला जे पछाडले आहे ते आजतागायत. घरातील मंडळी याला खेळण्याचे वेड म्हणतात. त्यांचे म्हणणे मी खोडून काढीत नाही.

लघुरेल्वे म्हणजे काय हे मराठी वाचकास सांगावयास नको. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ साली लोकांस खुले झालेले लघुरेल्वेचे संग्रहालय अनेकांनी मुलाबाळांसह पाहिले असेल. तेथे दिवे मंदावतात, सिग्नल बदलतात, गाड्या बोगद्यात शिरतात व बाहेर येतात, आणि प्रेक्षक तृप्त होऊन घरी जातो. ते प्रेक्षकासाठी मांडलेले दृश्य आहे आणि त्या दृष्टीने ते निर्दोष आहे. माझे कुतूहल जेथे प्रेक्षक नाहीच तेथून सुरू होते. अमेरिकेतील घरांच्या तळघरांत आठ-दहा प्रौढ गृहस्थ ठरल्या रात्री जमतात. कोणी गाडीनियंत्रक होतो, कोणी यार्डाचा मुकादम, कोणी ड्रायव्हर. आणि तीन-चार तास हलक्या आवाजात, एखाद्या कचेरीत शोभावे अशा गांभीर्याने, खोटा माल खोट्या गावांहून खोट्या गिऱ्हाइकांकडे वेळेवर पोचवितात. हा उद्योग खेळात जमा करावा की नोकरीत, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

या पंथाचे आद्य आचार्य न्यू ऑर्लिन्सचे फ्रँक एलिसन. त्यांच्या ‘डेल्टा लाइन्स’ या रेल्वेची ख्याती मोठी होती. पण त्यांनी १९४४ साली त्याच मासिकातून जी लेखमाला लिहिली तिने हा छंद मुळातूनच बदलला. एलिसन यांचा पूर्वायुष्यात रंगभूमीशी संबंध आला होता, आणि रंगभूमीवर वावरलेला मनुष्य कोठेही गेला तरी विंगेची जागा प्रथम शोधतो. त्यांच्या लेखी रुळांची मांडणी हे नेपथ्य, गाड्या ही पात्रे आणि वेळापत्रक हे संविधानक. संविधानकावाचून पात्रांनी रंगमंचावर नुसत्या प्रदक्षिणा घालाव्यात आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवाव्यात हे जितके हास्यास्पद, तितकेच गाडीने वर्तुळात फिरत राहणे हास्यास्पद, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार. उपमा चांगली आहे. पण तिच्यात एक उणीव राहते, आणि ती माझ्या मते मोठी आहे. उतारूंच्या गाडीस वेळापत्रक पुरते. मालगाडीला ते पुरत नाही, कारण मालगाडी हे एक पात्र नसून चाळीस पात्रांचा तात्पुरता जमाव आहे, आणि त्यांतील प्रत्येकाचे गंतव्य, प्रयोजन व मालक निराळा.

प्रमाणांचा तपशील येथे थोडक्यात उरकतो. सर्वांत लोकप्रिय ‘एचओ’ प्रमाणात प्रत्येक वस्तू मुळाच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची असते. चाळीस फुटी वाघीण जेमतेम चौदा सेंटिमीटरांची होते आणि एक मैल सुमारे साठ फुटांचा, म्हणजे कोणत्याही घरात न मावणारा. म्हणून अंतरे आक्रसतात आणि त्यांची भरपाई करण्यासाठी घड्याळ चौपट किंवा त्याहूनही वेगाने पळवितात. त्या घड्याळावर मंडळींची नितांत श्रद्धा असते. मला मात्र ते नेहमीच थोडे लबाड वाटत आले आहे, कारण गाडीला वेग आला तरी डबे जोडणाऱ्या मनुष्याच्या हाताला तो येत नाही.

आता त्या डिसेंबरच्या अंकाकडे वळतो. त्यातील पद्धत डग स्मिथ यांची. या छंदाबाहेर त्यांचे नाव कोणी ऐकले असण्याचा संभव नाही; पण फडणिशीचा इतिहास लिहिणाऱ्याने त्यांना एक परिच्छेद द्यावा, अशी माझी शिफारस आहे. स्मिथ यांनी प्रत्येक वाघिणीस एक पुठ्ठा दिला. त्यावर मालक-कंपनीची आद्याक्षरे, वाघिणीचा क्रमांक आणि जात, म्हणजे बंद, उघडी, टाकीची की बर्फाची, असा कायमचा मजकूर. ही झाली वाघिणीची ओळख. पुठ्ठ्याच्या खालच्या अंगास दुमडून केलेला खिसा, आणि त्या खिशात निराळी एक चिठ्ठी. ही झाली बिल्टी. ओळख बदलत नाही, बिल्टी बदलते. नंतर रूढ झालेल्या प्रकारात या बिल्टीच्या दोन्ही बाजू व दोन्ही टोके वापरून चार प्रवास लिहितात, आणि चिठ्ठी फिरवून खोचली की पुढचा प्रवास वर येतो. खिसा रिकामा असेल तर पुठ्ठ्यावरचाच मजकूर उघडा पडतो: रिकामी, अमुक यार्डास परत.

एक उदाहरण घेऊ. सांता फे कंपनीची एक बंद वाघीण यार्डात उभी आहे आणि तिच्या खिशातील चिठ्ठीचा पहिला मजकूर सांगतो की, आत प्लायवूड आहे व ते डोंगरापलीकडच्या गावातील फर्निचरच्या कारखान्याला द्यावयाचे आहे. यार्डाचा मुकादम तो पुठ्ठा त्या दिशेच्या स्थानिक मालगाडीच्या गठ्ठ्यात घालतो. गठ्ठ्यातील पुठ्ठ्यांचा क्रम आणि रुळांवरील वाघिणींचा क्रम तंतोतंत एक असावा लागतो, नाहीतर पुढे गोंधळ. गार्डाच्या भूमिकेतील गृहस्थ गठ्ठा हातात धरून गाडीबरोबर चालू लागतो. गावाशी पोचल्यावर त्याच्या ध्यानी येते की कारखान्याच्या सायडिंगमध्ये आधीच दोन वाघिणी उभ्या आहेत, एक रिकामी होऊन न्यावयाची आणि दुसरी अर्धवट भरलेली, जिला हलविता येईल पण परत तिच्याच दारासमोर आणून ठेवावे लागेल. मागून पंधरा मिनिटांत डाकगाडी येणार आहे आणि मुख्य मार्ग मोकळा करावयाचा आहे. हा गृहस्थ, जो दिवसा कदाचित दंतवैद्य असेल, हातातील पाच पुठ्ठे पुढेमागे करीत उभा राहतो, त्याच्या कपाळाला आठी पडते, आणि त्या क्षणी मला तो मामांच्या कुळातला वाटू लागतो. काम संपल्यावर ठेवलेल्या वाघिणीचा पुठ्ठा तो मांडणीच्या कडेला ठोकलेल्या लाकडी पेटीच्या योग्य खणात टाकतो. रुळांवर वाघीण, पेटीत तिचा कागद: दप्तर आणि जमीन यांचा मेळ बसला.

खऱ्या रेल्वेत या कागदाला किती धार होती हे कळल्याखेरीज या खेळाची गंमत कळत नाही. अमेरिकेत रेल्वे कंपन्या अनेक आणि वाघिणी मात्र साऱ्या देशभर फिरणाऱ्या. तेव्हा परक्या कंपनीची वाघीण आपल्या हद्दीत असेल तर तिच्या मालकाला रोजचे भाडे मोजावे लागे, आणि त्या रोजाची मोजदाद मध्यरात्रीच्या ठोक्याला होई. परिणामी रात्री अकराच्या सुमारास यार्डात एकच धांदल उडे: शेजारच्या कंपनीच्या गळ्यात जितक्या वाघिणी बाराच्या आत बांधता येतील तितक्या बांधावयाच्या. शिवाय परकी वाघीण शक्यतो तिच्या माहेरच्या वाटेवरचाच माल भरून परत धाडावी असा शिरस्ता होता. गिऱ्हाइकानेही माल उतरविण्यास सामान्यतः अठ्ठेचाळीस तासांहून अधिक वेळ लावला की त्यावर विलंबशुल्क, म्हणजे डॅमरेज, चढे. ज्या तळघरात हे मध्यरात्रीचे भय पाळले जाते तेथील खेळ मी उच्च प्रतीचा मानतो.

अर्थात वाद आहेतच. एड रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी कागदच नाकारला. त्यांच्या वाघिणींच्या टपावर रंगीत, खुणा केलेल्या टाचण्या टोचलेल्या असत आणि रंग पाहून गंतव्य ओळखावयाचे. पुठ्ठे चाळण्याचा व्याप वाचला खरा, पण टपावर टाचणी घेऊन फिरणारी वाघीण पाहून शोभेचे भक्त व्यथित झाले. दुसरा आक्षेप चार बाजूंच्या बिल्टीवर: चार फेऱ्यांनी तीच वाघीण त्याच दारी येते, घाण्याच्या बैलासारखी. हा आक्षेप मला मान्य आहे. त्यावर काहींनी संगणकाकडून याद्या काढविल्या, तर काहींनी अस्सल बिल्टीची टंकलिखित लघुप्रत पारदर्शक पाकिटात घालण्याचा मार्ग धरला. हे दुसरे मला अधिक भावते, कारण तीत माल पाठविणाऱ्याचे नाव असते.

याहून तीव्र भांडण ‘टाइमसेव्हर’चे. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरेचे छायाचित्रकार जॉन ॲलन, ज्यांच्या ‘गोरी अँड डिफीटेड’ रेल्वेवर ‘एमा’ नावाचा एक स्टेगोसॉरस प्राणी शंटिंगच्या कामावर तैनात होता, यांनी १९७२ साली हा कोड्यासारखा छोटा फलक प्रसिद्ध केला: आखूड रूळ, मोजक्या वाघिणी आणि कमीत कमी वेळात त्या जागी लावण्याची स्पर्धा. तो अफाट लोकप्रिय झाला. आणि व्यवहारवादी मंडळी आजही त्यावर दात खातात, कारण खरी रेल्वे असे कोडे कधीच बांधणार नाही. ती सांधे अशा जागी घालील की शंटिंगवाल्याचे श्रम वाचतील. मी व्यवहारवाद्यांच्या बाजूचा. तरीही ॲलन यांच्याविषयी कठोर लिहवत नाही. ६ जानेवारी १९७३ रोजी ते वारले, आणि थोड्याच दिवसांत लागलेल्या आगीत जमिनीपासून छतापर्यंत उंचावलेले त्यांचे पर्वत जळून गेले.

एलिसन यांच्या विंगेला खरा अर्थ मात्र ओहायोतील डेटन येथील ॲलन मॅक्लेलँड यांनी दिला. त्यांची ‘व्हर्जिनियन अँड ओहायो’ ही कोळसा वाहणारी कल्पित रेल्वे तळघरात संपत नसे; दोन्ही टोकांना दडविलेल्या रुळांवर उभ्या गाड्या म्हणजे उर्वरित देश. या जातीच्या मांडण्यांतील एक युक्ती मला फार आवडते. रंगविलेल्या पडद्याच्या अलीकडे खाण आणि पलीकडे वीजघर, व दोघांचे रूळ पडद्याखालून एकच. वीजघरात ढकललेली भरली वाघीण खाणीतून भरलेली बाहेर निघते, खाणीत ढकललेली रिकामी वीजघरातून रिकामी. कोळशाचा कण हलत नाही आणि दोन्ही हिशेब बरोबर.

आमच्याकडे सुटी वाघीण आता दिसत नाही. १९८०च्या दशकापासून भारतीय रेल्वेने एकाच मालाच्या अखंड गाड्यांवर भर दिला आणि एकेक वाघीण निवडून लावणारी यार्डे ओस पडत गेली. माझ्यापाशी तळघर नाही, म्हणून कपाटावर चार फुटी फळी टाकून इंग्लंडच्या ॲलन राइट यांचे ‘इंगलनुक’ बांधले आहे: तीन रूळ, एकात पाच वाघिणींची जागा, उरलेल्या दोहोंत तीन-तीन, आणि इंजिनाबरोबर एका वेळी तीनच. आठांपैकी पाच वाघिणी चिठ्ठीने निघालेल्या क्रमाने लावावयाच्या. असे क्रम ६,७२० संभवतात, तेव्हा जन्म पुरतो. चिठ्ठ्यांऐवजी मी चिंचोके वापरतो, एकेकावर वाघिणीचा क्रमांक पांढऱ्या रंगाने घातलेला. पण क्रमांकावर समाधान होईना, म्हणून अलीकडे मी पुठ्ठेही केले. काल रात्री खेळ आटोपल्यावर दिवा मालवण्यापूर्वी तिसऱ्या रुळावरच्या बंद वाघिणीचा पुठ्ठा काढला आणि खिशातील चिठ्ठी उलटी करून खोचली. वाघीण जागची हलली नव्हती. सकाळपर्यंत तिच्यात लासलगावचा कांदा भरावयाचा होता.