करारनाम्यावरचे खलाशी

दुसऱ्या महायुद्धातील आरमारी लढायांची वर्णने विपुल आहेत. परंतु ज्या मालवाहू आगबोटींच्या पोटातून इंग्लंडचे धान्य, खनिज, तेल आणि दारूगोळा वाहिला गेला, त्यांवर राबणारा, सैनिकाइतकेच संकट पत्करूनही कायद्याच्या दृष्टीने केवळ करारनाम्यावरचा नोकर राहिलेला हिंदी खलाशी त्या वर्णनांत क्वचितच दिसतो. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील मनुष्यबळाचा सुमारे चतुर्थांश भाग मात्र त्याचा होता.

मुंबईहून भरती झालेल्या बोटीवर डेकवरचे खलाशी बहुधा रत्नागिरी जिल्ह्यातले मुसलमान वा कच्छ-काठेवाडचे दर्यावर्दी असत. भट्टीखात्यात पंजाबी व पठाण, तर सलूनात, म्हणजे भोजनदालनात, आणि साहेबांच्या भटारखान्यात गोव्याचे ख्रिस्ती. डेकचा कारभार सारंगाकडे, त्याच्या हाताखाली टंडेल, आणि सारंग आपली माणसे प्रायः आपल्याच गावातून व गोतातून उचलीत असल्यामुळे कप्तानाचा हुकूम त्याच्या मुखातूनच खाली उतरे. शांततेच्या काळी ही व्यवस्था सोयीची होती, युद्धात मात्र एकच बोट बुडाली की एकाच खाडीकाठच्या अनेक घरांवर एकदम आकाश कोसळे.

अटलांटिकमध्ये बोटी ताफ्याने जात, आणि ताफ्याचा वेग म्हणजे त्यातील सर्वांत मंद बोटीचा वेग. रात्री एकही दिवा उघडा ठेवण्याची मुभा नसे, डेकवर विडी ओढणे हा अपराध ठरे, आणि अंगावरचे कपडे न उतरविताच, प्राणरक्षक जाकीट उशाशी घेऊन, माणसे पडून राहत. दिवसा भय धुराचे असे. धुरांड्यातून निघालेला काळा लोट क्षितिजापलीकडच्या पाणबुडीलाही ताफ्याचा ठावठिकाणा देई, म्हणून कोळसा थोडा थोडा, सारखा पसरून, भट्टीचा जाळ स्वच्छ ठेवणाऱ्या आगवाल्याच्या फावड्यावर ताफ्याची गुप्तता अवलंबून राही. ज्याच्या कौशल्याने वरच्या सर्वांचे रक्षण व्हावे, त्याचीच सुटकेची वाट सर्वांत लांब होती. मध्यभागी, जलरेषेखाली पाणतीर (टॉर्पेडो) लागला, की त्याला लोखंडी शिडी गाठण्याइतकाही अवकाश मिळत नसे. लोहखनिजाची बोट पाहता पाहता तळ गाठी, इमारती लाकडाची पुष्कळ वेळ तरंगे, तेलाची पेटे. म्हणजे माणसाचे आयुष्य त्याच्या बोटीत काय भरले आहे यावर ठरे. बुडणाऱ्यांसाठी ताफ्याने थांबू नये असा दंडक होता, आणि 1941 पासून काही ताफ्यांच्या मागे बचावनौका चालू लागेपर्यंत पाण्यात पडलेल्याला मुख्यतः दैवाचाच भरवसा.

धोका केवळ अटलांटिकचा नव्हता. 1942 च्या जानेवारीत 'जलतरंग' व 'जलपालक' या सिंदिया आगबोट कंपनीच्या बोटी जपानी पाणबुडीने बंगालच्या उपसागरात बुडविल्या. जर्मनांच्या हाती लागलेल्यांपैकी काही हिंदी खलाशी ब्रेमेनजवळच्या मिलाग नॉर्ड छावणीत, गोऱ्या नाविकांपासून वेगळ्या विभागात, बंदिवास भोगीत होते.

या साऱ्याचा मोबदला युद्धारंभी दरमहा 25 रुपयांच्या आसपास, म्हणजे ब्रिटिश खलाशाच्या वेतनाचा चौथा हिस्साही नव्हे. म्हणूनच 1939 च्या शरदात लंडनादी बंदरांत हिंदी खलाशांनी बोटींवर काम करण्याचे नाकारले. कित्येकांना तुरुंगात जावे लागले, पण अखेर मालकांना वेतनवाढ आणि युद्धभत्ता कबूल करणे भाग पडले. सरकारदरबारी याला बेशिस्त म्हटले गेले. मला तो या युद्धातील अत्यंत सयुक्तिक व्यवहार वाटतो, कारण संकटाचे मोल ठरविण्याची दुसरी कोणतीही संधी त्यांना दिली गेली नव्हती.

युद्धात सुमारे 6,600 हिंदी खलाशी कामी आले. वाचलेले मुंबईस परतले तेव्हा नवी बोट मिळविण्यासाठी दलाल व सारंग यांच्या दारी पुन्हा उभे राहणे प्राप्तच होते. भरतीतील लाचलुचपतीचा ऊहापोह सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे दिनकर देसाई यांनी 1940 मध्येच आपल्या ग्रंथात केला होता. परंतु खलाशांची भरती सरकारी कचेरीमार्फत क्रमवारीने होऊ लागण्यास स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे जावी लागली.