चेनची सैल बाजू

स्नोमोबिलच्या जाहिरातीत चेनकेस कधी दिसत नाही. दिसतो तो भुरभुरा उडणारा बर्फ, हवेत उचललेल्या स्की आणि हेल्मेटमागचा माणूस. गाडीच्या उजव्या कुशीत, एक्झॉस्टच्या आडोशाला, हलक्या धातूची एक उभट पेटी बसवलेली असते, तोच चेनकेस. तिच्यात पाव लिटरच्या आसपास तेल, दोन दातेरी चाकं, एक चेन आणि त्या चेनला बाजूने टेकलेला एक किरकोळ दिसणारा भाग असतो, तो म्हणजे टेन्शनर. गाडीच्या किमतीपुढे त्याची किंमत नगण्य. पण तो बिघडला आणि वेळीच कळलं नाही, तर चेन पेटी फोडून बाहेर येऊ शकते. तेही घरापासून पन्नास किलोमीटरवर, जिथे फोनला रेंज नाही.

मराठी पर्यटकाला ही गाडी भेटते गुलमर्गला, भाड्याचे गमबूट आणि भाड्याचा कोट घालून केलेल्या एका फेरीपुरती. तिचं माहेर मात्र कॅनडातला क्वेबेक प्रांत आणि अमेरिकेतलं मिनेसोटा. क्वेबेकमधल्या वालकूर गावचा मेकॅनिक जोझेफ-आर्मां बोंबार्दिए कोवळ्या वयापासून बर्फावर चालणाऱ्या गाड्यांच्या खटपटीत होता. १९३४च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाखाली गेलेले, इस्पितळ गाठता आलं नाही आणि मूल गेलं. दातेरी चाकाने पट्टा ओढायच्या रचनेचं पेटंट त्याला १९३७मध्ये मिळालं. आधी आठ-दहा माणसं बसतील अशा बंदिस्त गाड्या आल्या आणि १९५९मध्ये एकदोघांसाठीची हलकी स्की-डू. तिकडे मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, रोझो गावात पोलारिस कंपनीचा कारखाना उभा राहत होता. क्वेबेकमध्ये आज या गाड्यांसाठी आखलेल्या वाटा ३०,००० किलोमीटरहून जास्त आहेत. त्या वाटांवर लोक दिवसाला दोन-तीनशे किलोमीटर सहज काटतात. टेन्शनरची खरी परीक्षा होते ती तिथे.

इंजिनाचा जोर जमिनीपर्यंत कसा पोचतो ते आधी पाहू. इंजिनावरच्या क्लचमधून रबरी बेल्ट दुसऱ्या क्लचला फिरवतो. हा दुसरा क्लच ज्या आडव्या दांड्यावर बसतो त्याला जॅकशाफ्ट म्हणतात. त्याचं पलीकडचं टोक चेनकेसमध्ये शिरतं आणि तिथे लहान स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, असतो. खाली मोठा स्प्रॉकेट, त्याच्यामागे ड्राइव्हशाफ्ट आणि ड्राइव्हशाफ्टवर गाडीचा रबरी ट्रॅक, म्हणजे बर्फावर फिरणारा पट्टा. समजा, वर २१ दाते आहेत आणि खाली ४३, तर खालच्या दांड्याचा वेग निम्म्याहून थोडा कमी आणि पीळ दुपटीहून थोडा जास्त. हा सगळा पीळ वाहणारी चेन सायकलीच्या चेनसारखी नसते. खालून दात काढलेल्या पातळ पत्र्यांच्या रांगा पिनांवर ओवलेल्या असतात. हान्स रेनॉल्ड या स्विस वंशाच्या इंजिनिअरने मँचेस्टरमध्ये १८८५ साली ही जात काढली. ती कमी आवाज करते म्हणून तिला सायलेंट चेन म्हणतात.

मोटारसायकलची चेन सैल झाली की गॅरेजवाला मागचं चाक थोडं मागे ओढतो आणि एक्सलचा नट आवळतो. चेनकेसमध्ये ती सोय नाही, कारण दोन्ही दांडे पेटीत बसवलेल्या बेअरिंगमध्ये जागच्या जागी असतात. सैलपणा काढायचा तर चेनला बाजूनेच दाबावं लागतं. त्यासाठी आत एक रूळ किंवा टणक प्लास्टिकची पट्टी असते आणि तिला ढकलणारा बोल्ट पेटीच्या भिंतीतून बाहेर आलेला असतो. त्यावर लॉकनट. काही मॉडेलांत हे काम स्प्रिंग आपोआप करते. दाब नेहमी सैल बाजूला असतो. गाडी पुढे जाताना वरचा स्प्रॉकेट चेनची एक बाजू ताणून ओढतो आणि दुसरी ढिली परत येते. टेन्शनर त्या ढिल्या बाजूला टेकून असतो. इथवर त्याचं जगणं सुखाचं आहे.

ब्रेक दाबला की चित्र पालटतं. ब्रेकची डिस्क जॅकशाफ्टवर असेल, आणि कित्येक मॉडेलांत ती तिथेच असते, तर ट्रॅकचा सगळा रेटा खालच्या स्प्रॉकेटमधून उलटा चेनवर येतो. ढिली बाजू क्षणात ताठ होते आणि टेन्शनरला थेट धक्का बसतो. रिव्हर्स घेतानाही तेच. हल्लीच्या बऱ्याच टू-स्ट्रोक गाड्या इंजिनच उलटं फिरवून मागे जातात, म्हणजे तिथेही ताणाची बाजू बदलते. उडी मारून खाली येताना थ्रॉटल उघडा राहिला, किंवा रात्रभर जमिनीला गोठून चिकटलेला ट्रॅक सकाळी नुसत्या इंजिनाच्या जोरावर सोडवला, तर चेनला असे धक्के बसतात की सैल चेन दात सोडून पुढे उडते. त्या वेळचा कडकड आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

म्हणून टेन्शनर मोडला असं कुणी सांगितलं की माझा पहिला संशय दुसऱ्यावरच जातो. पट्टीला खोल चर पडली असेल तर चेन बराच काळ जास्त आवळलेली होती. पट्टीचा तुकडा उडाला असेल तर ती बराच काळ सैल होती. चेन वाढते म्हणजे पोलाद ताणलं जातं असं नाही. एकेका पिनेच्या भोकांत केसभर केसभर झीज होते आणि तिची बेरीज लांबीत दिसते. बेअरिंग खिळखिळं झालं, ऑइल सील गेलं, तेलात पाणी शिरलं, तरी बळी टेन्शनरचाच जातो. पाणी बाहेरूनच यायला हवं असंही नाही. धावून तापलेली पेटी रात्री उणे तीसला गार होते, आतल्या हवेतली वाफ भिंतींवर जमते आणि तेल चहासारखं दुधाळ होतं.

हंगाम सुरू व्हायच्या आधी, नोव्हेंबरात, जाणता माणूस पेटी उघडतो. बऱ्याच गाड्यांना तेल सोडायला वेगळा बोल्टच नसतो. खालचे स्क्रू ढिले केले की काळपट, उग्र वासाचं तेल थेट गाडीच्या पोटात ओघळतं, म्हणून चिंध्या आधीच कोंबून ठेवायच्या. मग पाहायचं ते तेलकाठीच्या टोकाचं लोहचुंबक. त्यावर राखाडी, मऊ लोण्यासारखा थर असेल तर ती रोजची झीज आहे, पुसून टाकावी. बोटांत टोचणारी चकाकती कपची असेल तर ती चेनच्या पत्र्याची किंवा दात्याची आहे, आणि ती कुठून आली हे शोधल्याशिवाय झाकण लावू नये.

आवळण्याची रीत साधी आहे, फसते ती घाईत. आधी चेनचा सगळा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला येईल असा जॅकशाफ्ट किंचित फिरवायचा. मग लॉकनट ढिला करून बोल्ट बोटांनीच आत घ्यायचा, पाना लावायचा नाही. हाताला अडला की पाव फेरा मागे. अनेक गाड्यांना हा अंदाज चालतो, तरी नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. शेवटी एका पान्याने बोल्ट धरून दुसऱ्याने लॉकनट आवळायचा, कारण न धरलेला बोल्ट नटाबरोबर फिरतो आणि केलेली जुळणी वाया जाते. पूर्ण आवळलेली चेन दिसायला नीटनेटकी वाटते, पण गरम झाल्यावर ती बेअरिंगांना आणि पट्टीला खाते.

माझ्या मते यातली सगळ्यात मोलाची खूण फुकटात मिळते आणि तिच्याकडे बहुतेक जण पाहत नाहीत. बोल्टचे किती आटे बाहेर उरलेत ते बघावं. नव्या चेनला ते भरपूर असतात आणि दर हंगामात कमी होत जातात. आटे संपत आले म्हणजे चेन संपली. तिथे आणखी लांब बोल्ट घालणारे महाभाग आहेत. नव्या चेनबरोबर दोन्ही स्प्रॉकेटही बदललेले बरे, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन लवकर जुनी होते.

हलगर्जीपणाचा फटका केवळ पैशाचा नसतो. ब्रेक जॅकशाफ्टवर असेल आणि चेन तुटली, तर ब्रेक फक्त जॅकशाफ्टला थांबवतो. ट्रॅकशी त्याचा संबंध संपलेला असतो आणि उतारावरची गाडी तशीच घसरत जाते. तुटलेली चेन स्प्रॉकेटखाली अडकली तर उलटं घडतं, ट्रॅक जागीच जाम होतो.

डोंगरी वापराच्या काही गाड्यांत पोलारिसने चेनकेसच काढून टाकला आणि दातेरी बेल्ट आणला. तेल नाही, वजन कमी, फिरवायचा भारही कमी. पण लांबच्या वाटेवर चालणाऱ्यांना चेन अजून सोडवत नाही. वरचा स्प्रॉकेट एक-दोन दात्यांनी बदलला की गाडीचा वेग आणि ओढ आपल्या मनासारखी करून घेता येते, बेल्टमध्ये हे इतकं स्वस्तात जमत नाही. शिवाय बेल्ट झिजत आला हे सांगणारा बोल्ट तिथे नसतो.