फी कळली, पण खर्च कळला का?

परवा दिवेलागणीला शेजारच्या वहिनी आल्या त्या एक गुळगुळीत माहितीपत्रक हातात घेऊनच. मुलगी बी.ए. झाली, आता ‘मास कम्युनिकेशन’ करायचं म्हणते. “बाई, तिच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम ह्यात घालायची, आणि पुढं काय? पेपरात नाव?”

मी चहा टाकला आणि हिशेबाची वही काढली. मैत्रिणींनो, हा हिशेब तुमच्याही उपयोगी पडेल.

खासगी संस्थेत ह्या शिक्षणाला लाखांनी पैसे पडतात. सरकारी विद्यापीठात फी पुष्कळच कमी. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटचं नाव जुनं आहे. पण आपल्या सोलापूरलाही २००४ साली वेगळं विद्यापीठ झालं, आजचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ. तिथंही हा विषय एम.ए.ला आहे आणि कोणत्याही शाखेच्या पदवीधर मुलीला तो घेता येतो.

आता फीपलीकडचं बघा. पुण्यात राहण्या-जेवण्याचे महिन्याला नुसते ५,००० धरले, तरी २४ महिन्यांचे १,२०,००० होतात, आणि ५,००० म्हणजे काटकसरच! दुधनीहून सोलापूर रेल्वेनं जाऊन-येऊन करता येतं. मात्र विद्यापीठ केगावला आहे, स्टेशनापासून पुढचा प्रवास आणि त्याचं भाडं धरा. शिवाय लॅपटॉप. आणि माहितीपत्रकात न छापलेला खर्च म्हणजे उमेदवारीचे महिने. वर्तमानपत्रात, वाहिनीत मुली काम शिकतात, तेव्हा बहुधा हाती काही पडत नाही. खोलीभाडं मात्र चालूच.

आणि फळ? खरं सांगायचं तर सुरुवातीचा पगार बेताचा, कायमच्या जागा थोड्या. आकाशवाणीवरच्या नैमित्तिक निवेदकांनाही जेवढ्या पाळ्या, तेवढंच मानधन. पण काम नुसतं पेपरातच नाही. जाहिरात, जनसंपर्क, भाषांतर, मोबाइलवरच्या बातम्या, सगळीकडे नीट लिहिणारं माणूस लागतं. तिथं पदवीच्या कागदाआधी विचारतात, “काय लिहिलंय, दाखवा.” आपल्या मुलींना मराठी, कानडी, हिंदी तिन्ही घरातच मिळतात. पुण्यामुंबईच्या किती मुलींकडे ही शिदोरी असते?

म्हणून पैसे भरण्याआधी संस्थेला तीन गोष्टी विचारा. मागच्या वर्षीच्या मुली आज कुठे आहेत? शिकताना प्रत्यक्ष काम किती? शिष्यवृत्ती कोणती लागू? २०२४ पासून राज्य सरकारनं मुलींना दिलेली फीमाफी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, तीही प्रवर्ग आणि उत्पन्न बघून. ती गृहीत धरू नका.

वहिनींनी माहितीपत्रक घडी घालून पिशवीत टाकलं. “सोलापूरचा फॉर्म भरू. उरलेली ठेव राहू दे तिच्याच नावावर, उमेदवारीच्या महिन्यांना होईल.”

लग्नाला म्हणाल्या नाहीत, हे मी मनात टिपून ठेवलं. मुलीला मात्र म्हटलं, “प्रवेशाची वाट कशाला बघतेस? उद्या मोंढ्यात जा, तुरीच्या सौद्यावर दोन पानं लिहून आण.”