वाळवंटात बी रुजतं कसं?

गैरसमज : भरपूर बी टाकलं की निदान काही तरी उगवतंच.

थरच्या वाळवंटात बियाण्याची उणीव सहसा नसते. वाळू जागेवर थांबत नाही, ही खरी अडचण. खाणकामानं, ट्रॅक्टरच्या नांगरटीनं किंवा अति चराईनं मोकळी झालेली वाळू वारा आल्यावर चालू लागते. काही बी उडून जातं, काही ढिगाखाली गाडलं जातं आणि उरलेल्यावर मुंग्या नि उंदीर टपलेले असतात. म्हणूनच जोधपूरच्या 'काझरी'नं, म्हणजे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेनं, बसवलेल्या पद्धतीत पेरणी शेवटी येते. आधी कुंपण घालून चराई बंद. मग खिंप, सिणिया, बोर अशा तिथल्याच झुडपांच्या फांद्या वाऱ्याला आडव्या ओळींत किंवा चौकटींत रोवायच्या. उन्हाळ्यात तिथे वारा सुटतो नैर्ऋत्येकडून, त्यामुळे हे काम पावसाआधीच उरकावं लागतं. जमिनीलगतचा वारा मंदावला की त्या आडोशाला, पहिल्या चांगल्या पावसावर पेरणी.

सेवण गवताचं बी इतकं हलकं की नुसतं फेकलं तर हवेतच राहील. माती, शेण आणि वाळूत कालवून त्याच्या गोळ्या करतात किंवा ओल्या वाळूत मिसळून ते पेरतात. तेही सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खोल. त्याखाली गेलं तर कोंब वर येईलच असं नाही.

गैरसमज : बी जितकं ताजं तितकं चांगलं.

धामण गवताचं तसं नाही. नुकतंच झडलेलं बी सुप्तावस्थेत असतं. काही महिने साठवलेलं बी अधिक उगवतं.

गैरसमज : झाडं वाढली म्हणजे वाळवंट सुधारलं.

जैसलमेरला वर्षाकाठी जेमतेम दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथलं मूळ आच्छादन सेवण गवत आणि फोगसारखी झुडपं. झटपट हिरवळीच्या हौसेपायी मारवाडात विलायती बाभळीला राजाश्रय मिळाला आणि १९४० साली तिला 'शाही वनस्पती'चा मान दिला गेला. आज तीच स्थानिक झाडाझुडपांची जागा बळकावून बसली आहे. आपल्याकडची वेडी बाभूळ हीच.

पावसाळ्यात माळावर बीजगोळे भिरकावायला निघणाऱ्यांनी एवढंच करावं : गोळे वळण्याआधी, पुढची दोन वर्षं तिथली चराई कोण थांबवणार, हे गावकऱ्यांशी बोलून ठरवावं.